नैवेद्याआधीचं ताट



गुरुवारची आरती झाली, तीर्थ-प्रसाद घेतला, की देवळाच्या पारावर आम्ही चार जण टेकतो. तिथे दर आठवड्याला कोणीतरी हमखास म्हणतं, "हल्ली दिवस पुरतच नाही हो." गंमत अशी, की हे म्हणणारे आम्ही बहुतेक निवृत्त. ज्यांना सकाळची लोकल पकडायची असते, ती मुलं-सुना दर्शन घेऊन केव्हाच निघून गेलेली असतात.

आपल्या दत्तमहाराजांचा दिनक्रम सर्वांना माहीत आहे. दत्तात्रेय वज्रकवचात तो एका श्लोकात येतो : स्नान वाराणसीला, जप कोल्हापूरला, भिक्षा माहूरला आणि निद्रा सह्याद्रीवर. (भिक्षा कोल्हापूरला आणि शयन माहूरला, असंही आपल्याकडे परंपरेने सांगतात.) लहानपणी मला यातलं अंतर मोठं वाटायचं, एका दिवसात काशी ते सह्याद्री! आता वय झाल्यावर वेगळंच लक्षात येतं. महाराजांच्या दिवसात चारच कामं आहेत, आणि प्रत्येकाला स्वतःची जागा आहे. जपाच्या जागी भिक्षा नाही आणि भिक्षेच्या जागी जप नाही. निद्रेलासुद्धा क्षेत्र नेमून दिलेलं आहे. आपण झोपेला उरलासुरला वेळ देतो आणि वर "मी चार तासच झोपतो" असं अभिमानाने सांगतो.

मीही सांगत असे. नोकरी संपली तेव्हा वाटलं, आता सगळा वेळ महाराजांचा. पहाटे साडेचारला उठणं, पूजा, करुणात्रिपदी, घोरकष्टोद्धरण स्तोत्र, एक माळ होती तिच्या पाच माळा झाल्या. मग देवळाच्या उत्सव समितीत नाव आलं. हिशोब लिहिता येतो म्हटल्यावर पावतीपुस्तकं माझ्याकडे आली. सोसायटीत पाण्याच्या टाकीचं काम निघालं, तेही आलं. नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडणं, मोबाईलवरचे तीन ग्रुप, दुपारी बँक, संध्याकाळी पालखीची तयारी. यातलं एकही काम वाईट नव्हतं, म्हणून तर एकही सोडवत नव्हतं. वाईट कामं सोडायला फारशी अक्कल लागत नाही. दहा चांगल्या कामांत आज आधी कोणतं, हे ठरवताना माणूस अडतो.

दोन वर्षांपूर्वीच्या दत्तजयंतीची गोष्ट. घरी गुरुचरित्राचा सप्ताह होता. पाचव्या दिवशी आपण 36 ते 38 एवढे तीनच अध्याय वाचतो, कारण पहिले दोन मोठे आहेत. त्या दिवशी वाचनाला सहाला बसायचं ठरलं होतं. पण महाप्रसादाच्या आचाऱ्याचा फोन आला, मग गॅस सिलिंडरचं बघायला देवळात गेलो, येताना नातवाला बसपर्यंत सोडलं, आणि आसनावर बसायला साडेनऊ वाजले. मुलगा आणि सूनबाई कामावर गेलेले. सौ. सोवळ्यात स्वयंपाकाला लागलेली. तिला मधुमेह आहे. सकाळी चहाबरोबर गोळी घ्यायची आणि तासाभरात खायचं, हा तिचा रोजचा नेम. पण सप्ताहात नैवेद्य झाल्याशिवाय ती तोंडात काही घालत नाही. दरवर्षी नैवेद्य लवकर होई, म्हणून निभावून गेलं होतं.

छत्तिसावा अध्याय झाला. सदतिसावा निम्म्यावर आला असेल, तेव्हा स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला. मी उठलो नाही. वाचन चालू असताना मध्ये बोलू नये, उठू नये, हा नियम. मनात एकदा आलं, बघावं का? पण लगेच दुसरं आलं, की हीच परीक्षा असते. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात दत्तात्रेयांच्या 24 गुरूंत तो बाण करणारा कारागीर आहे ना, ज्याच्या समोरून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी ज्याचं लक्ष हललं नाही. मला वाटलं, मी तोच. अडतिसावा अध्याय पुरा केला, पोथीला नमस्कार केला आणि मग आत गेलो. ती ओट्याशी भिंतीला टेकून बसलेली, अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते, आणि काय बोलते ते तिचं तिलाच कळत नव्हतं. शेजारची सून धावून आली, तिनेच ओळखलं आणि घोट घोट साखरपाणी पाजलं. ती तेव्हा गिळण्याच्या शुद्धीत होती, ही महाराजांची कृपा. नंतर डॉक्टरांनी समजावलं : साखर 70 च्या खाली गेली की धोका समजायचा, आणि या गोळ्या घेतल्या की पोटात अन्न गेलंच पाहिजे. ते मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

त्या कारागिराची आणि माझी जात एक नव्हती, हे नंतर उमगलं. त्याच्यासमोरून गेला तो राजाचा थाट. त्याने न पाहिल्याने कोणाचं काही अडलं नाही. माझ्या कानावर आलं होतं ते घरातल्या माणसाच्या हातून सुटलेलं भांडं.

आणि वाचत काय होतो? छत्तिसावा-सदतिसावा अध्याय म्हणजे गृहस्थाचा दिवस. ब्राह्ममुहूर्ती उठण्यापासून दंतधावन, स्नान, संध्या, पूजा, वैश्वदेव, अतिथी, भोजन आणि थेट अंथरुणावर पाठ टेकेपर्यंत. आपण हे अध्याय 'नियमांचे' म्हणून जरा भराभर वाचतो. पुढच्या कथांची ओढ असते. पण श्रीगुरूंनी हे कोणाला सांगितलं? परान्न न घेणारा तो ब्राह्मण आणि दुसऱ्याकडच्या जेवणाची इच्छा धरणारी त्याची बायको, या दोघांची घरातली कुरबूर श्रीगुरूंपर्यंत गेली, त्यातून हा उपदेश निघाला. म्हणजे आचाराचा सगळा धडा सुरू झाला तो नवरा-बायकोच्या ताटावरून. इतक्या पारायणांत हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

देवळातल्या गुरुजींना मी घडलेलं सांगितलं. पारायण खंडित झालं असतं तर दोष लागला असता का, एवढंच मला विचारायचं होतं. त्यांनी त्याचं उत्तर दिलं नाही. म्हणाले, "दक्षस्मृतीत दिवसाचे आठ भाग केलेत, माहीत आहेत का?" मला नव्हते. त्यांनी सांगितलं ते असं. बारा तासांचा दिवस धरला तर एकेक भाग दीड तासाचा. पहिल्यात संध्या वगैरे प्रातःकर्म, दुसऱ्यात वेदाभ्यास. तिसरा भाग पोष्यवर्गासाठी, म्हणजे आपल्यावर अवलंबून असलेल्या माणसांच्या निर्वाहासाठी. चौथ्यात मध्याह्नस्नान, पाचव्यात पंचमहायज्ञ आणि भोजन, सहाव्या-सातव्यात इतिहास-पुराणं, आणि आठव्यात लोकव्यवहार. "आता बघा," गुरुजी म्हणाले, "आईबाप, बायको, मुलं यांची सोय तिसऱ्या भागात. मध्याह्नीची कर्मं आणि यज्ञ त्याच्या नंतर. पोथीपुराण त्याच्याही नंतर. आणि तुमची समिती आठव्यात."

समितीवर ते जरा जोर देऊनच बोलले. हिशोबावरून आमचं थोडं वाजलेलं होतं, ते असो.

मग ताटाचं. मनुस्मृतीतल्या पुष्कळ गोष्टींवर वाद आहे आणि तो इथला विषय नाही. पण तिसऱ्या अध्यायात जेवणाच्या क्रमाबद्दल जे आहे ते मला त्यांनी काढून दाखवलं. अतिथीला आधी जेवू घालावं हा गृहस्थाचा मोठा धर्म. पण नवी सून, कुमारिका, आजारी माणूस आणि गर्भवती यांना अतिथीच्याही आधी वाढावं, आणि त्यात विचार करत बसू नये. मी दोनदा वाचलं. मी तर तिथे अध्यायभर विचार करत बसलो होतो.

काही वाचकांच्या मनात येईल, की असं एकेक सवलत घेत गेलं तर नेम उरणार कुठे? शंका रास्त आहे. माझीही होती. त्यासाठी गुरुचरित्रातल्याच दोन माणसांकडे बघावं असं वाटतं. चव्वेचाळिसाव्या अध्यायातला गाणगापूरचा विणकर भक्त, तंतुक. तो दिवसाचे तीन प्रहर संसारासाठी कष्ट करी आणि मग येऊन मठाचं अंगण झाडी, लांबूनच नमस्कार करी. दिवसाचे प्रहर चार. त्यातले तीन, म्हणजे नऊ तास, माग आणि घर. उरलेल्यातली थोडीशी वेळ झाडूला. एवढ्या सेवेवर श्रीगुरूंनी त्याला क्षणात श्रीशैल दाखवलं. यात्रेला चला म्हणून गावची मंडळी आग्रह करत होती आणि तो नाही म्हणाला होता, हेही विसरू नये. चांगल्या कामाला 'नाही' म्हणणारा भक्त आहे तो.

दुसरा सत्तेचाळिसाव्या अध्यायातला शेतकरी. श्रीगुरू संगमावर अनुष्ठानाला निघाले की हा शेतातून धावत वाटेवर येई, साष्टांग नमस्कार घाली आणि परत कामाला लागे. दुपारी ते मठाकडे परतले की पुन्हा एक नमस्कार. झाला नेम. पुढची पीक कापण्याची कथा आपल्याला पाठ आहे, पण श्रीगुरूंचं त्याच्याकडे लक्ष गेलं ते या दोन नमस्कारांनी. त्याचा नेम लहान होता म्हणून कधी चुकला नाही. माझा मोठा होता, म्हणून रोज कुठेतरी घाई होती : माळ ओढताना डोळा घड्याळावर, आरतीत खिशातला फोन.

नेम बारीक करायचा कसा, याला मला 24 गुरूंतलीच ती कुमारी उपयोगी पडली. घरात पाहुणे आलेले, आईवडील बाहेर गेलेले, आणि ती आत भात कांडायला बसली. कांडताना हातातल्या बांगड्या वाजायला लागल्या. तिला संकोच वाटला, तेव्हा तिने एकेक करून बांगड्या कमी केल्या. दोन-दोन उरल्या तरी वाजत होत्याच. शेवटी प्रत्येक हातात एकेक ठेवली, तेव्हा आवाज थांबला. अवधूताने यातून एकांत घेतला. आपण गृहस्थांनी यातलं दुसरंही बघावं. तिने कांडण थांबवलं नाही, पाहुणे उपाशी ठेवले नाहीत, आणि हात उघडाही ठेवला नाही.

मग मी बसून कागदावर दिवसाची यादी काढली आणि सौ.पुढे ठेवली. "यातलं काय कमी करू?" तिने चष्मा लावून सगळी वाचली आणि म्हणाली, "अहो, यात माझं जेवण कुठे लिहिलंय?" खरंच नव्हतं. नातवाची बस होती, टाकीवाला होता, मंदिराची पावती होती.

पावतीपुस्तकं एका तरुण मुलाकडे दिली. तो माझ्यापेक्षा नेटका हिशोब ठेवतो, हे कबूल करायला मला महिना लागला. टाकीचं काम सेक्रेटरींकडे गेलं. तीन ग्रुपांतला देवळाचा एक ठेवला. पाच माळांची एक केली, पण ती बसून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. नातवाची बस सोडली नाही. त्या दहा मिनिटांत तो मला काय काय सांगतो, ते लिहायला वेगळा लेख लागेल.

सप्ताहातली अडचण मात्र खरीच होती. नैवेद्याआधी खायला सौ. तयार होईना. इतक्या वर्षांचं वळण, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून जात नाही. त्यावर तोड तिनेच काढली. पहाटे उठल्या उठल्या भात-वरण लावायचं, त्यातून नैवेद्याचा वाटा आधी काढून झाकून ठेवायचा, म्हणजे देवाचं उष्टं होत नाही. मग गोळीच्या वेळेला तिने जेवून घ्यायचं. नैवेद्य आरतीच्या वेळी नेहमीसारखा. मी गुरुजींना विचारलं, ते म्हणाले, "खुशाल करा." ज्यांच्या घरी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू आहेत, त्यांनी एकादशी, गुरुवार किंवा सप्ताहाचा उपास धरण्याआधी आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावं. कोणती गोळी कमी करायची, वेळ कशी बदलायची, हे ते सांगतात. आपल्या मनाने गोळी बंद करू नये. आमच्या पारावरच्या एकाने तसं केलं होतं, ते प्रकरण आणखीनच वाढलं.

गेल्या वर्षीच्या सप्ताहात पाचव्या दिवशी सहालाच बसलो. मध्ये आठाच्या सुमारास तिचं ताट वाढलेलं दिसलं, वाटीत वरण, वर लिंबाची फोड. सदतिसावा अध्याय चालू असताना स्वयंपाकघरात पुन्हा काहीतरी पडलं. मी पोथीत मोरपीस ठेवलं आणि उठलो. डब्याचं झाकण होतं, जमिनीवर गोल गोल फिरत होतं.

"काही नाही हो," ती म्हणाली, "बसा तुम्ही."

हातपाय धुतले, आचमन केलं, आणि राहिलेल्या ओवीपासून पुढे वाचायला लागलो.