तलावकाठच्या डोंगरवाटांवर वाटाड्यासह ई-सायकल सहल
बालाघाटातील शेतकऱ्यांसाठी एक नवा जोडधंदा : तयारी, हिशेब आणि खबरदारी

बीड जिल्ह्यातून बालाघाटची रांग पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. आष्टी-पाटोद्यापासून धारूर-अंबाजोगाईपर्यंत या रांगेच्या कुशीत लहानमोठे तलाव आहेत. बीड शहराच्या दक्षिणेस पालीजवळचा बिंदुसरा तलाव आणि त्यामागचे डोंगर पावसाळ्यानंतर जे रूप धारण करतात ते आपल्याला रोजचे म्हणून विशेष वाटत नाही; पण सांडव्यावरून पाणी पडू लागले की शहरातील माणसे तेथे गर्दी करतात. ती येतात, फोटो काढतात, प्लास्टिकच्या पिशव्या टाकून परत जातात. तलावाकाठच्या गावाच्या पदरात त्यातून काहीही पडत नाही. या पाहुण्यांना दोन-तीन तास गावात थांबवून, डोंगर दाखवून, जेवू घालून चार पैसे मिळविता येतील काय, याचा विचार या लेखात केला आहे.

प्रश्न केवळ हौसेचा नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. सहलीचा हंगामही नेमका सप्टेंबर ते जानेवारी हाच आहे. एखाद्या गावातील दोन-चार तरुणांना जरी या काळात गावात राहून मजुरीइतके मिळाले, तरी त्यांच्या मुलांची शाळा सुटणार नाही. मात्र याहून मोठी अपेक्षा या धंद्याकडून ठेवू नये, हे आधीच सांगितलेले बरे.

ई-सायकलच का?

डोंगरात साध्या सायकलीने जाणे सवयीच्या माणसाचे काम आहे. शहरातून आलेला चाळिशी-पन्नाशीचा पाहुणा पहिल्याच चढाला दम सोडतो. मोटारसायकल चढते, पण आवाजाने पाखरे उडतात आणि पाहुणा काहीही न पाहता पुढे निघून जातो. ई-सायकलीत पायडल मारणाऱ्याला लहानशी विद्युत मोटर हातभार लावते. जपानमध्ये १९९३ साली यामाहा कंपनीने अशी सायकल बाजारात आणली. आज जर्मनीत साध्या सायकलींपेक्षा ई-सायकली अधिक विकल्या जातात आणि युरोपातील तलावकाठच्या डोंगराळ मुलखात वाटाड्यासह अशा सहली हा गावकऱ्यांचा नेहमीचा व्यवसाय झाला आहे. बालाघाटात चढ आहेत, तलाव आहेत, गाडीवाटा आहेत. वाटाड्याला लागणारे ज्ञान तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे.

कायद्याच्या दृष्टीनेही ही सायकल सोयीची आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, बॅटरी वगळता वजन ६० किलोपर्यंत आणि ताशी २५ किलोमीटरला मोटरची मदत बंद होणारी पायडलची सायकल ही मोटार वाहन समजली जात नाही. तिला नोंदणी किंवा चालकाचा परवाना लागत नाही. दुकानदार ‘हिला जास्त पळणारी मोटर बसवून देतो’ म्हणाला तर स्पष्ट नकार द्यावा. तशी सायकल नियमाबाहेर जाते आणि अपघात झाल्यास सर्व जबाबदारी आपल्यावर येते.

चढाचे गणित

वाट निवडण्यापूर्वी बॅटरीचा हिशेब करावा, कारण भर डोंगरात बॅटरी संपलेली २५ किलोची सायकल ढकलणारा पाहुणा पुन्हा येत नाही.

समजा, बॅटरी ३६ व्होल्ट व १० अँपिअर-तासांची आहे. दोन्हींचा गुणाकार ३६० वॅट-तास होतो. सपाट, बऱ्या रस्त्यावर मध्यम मदत घेतल्यास किलोमीटरला साधारण १० वॅट-तास खर्च धरावा. चढाचा हिशेब वेगळा करावा. माणूस, सायकल आणि पिशवी मिळून १०० किलो वजन १५० मीटर उंच नेण्यास सुमारे ४१ वॅट-तास लागतात. मोटरमधील तोटा धरून ५५ समजावे. वाटेत असे दोन चढ असतील तर ११० गेले. बॅटरीचा पाचवा हिस्सा, म्हणजे सुमारे ७० वॅट-तास, नेहमी राखून ठेवावा. उरले १८०. म्हणजे एकूण फेरी १८ किलोमीटरपेक्षा लांब ठेवू नये. कंपनीच्या पत्रकावर ४०-५० किलोमीटर लिहिलेले असते, पण तो आकडा सपाट रस्त्याचा आणि हलक्या माणसाचा असतो.

दुसरी गोष्ट मोटरच्या ताकदीची. शंभर मीटरला आठ मीटर चढणाऱ्या वाटेवर १०० किलो वजन ताशी १२ किलोमीटर वेगाने न्यायला सुमारे ३०० वॅट लागतात. मोटर २५० वॅटच्या आतली आहे. उरलेली शक्ती पाहुण्याच्या पायांतूनच यावी लागते. काही सायकलींना मुठीने वेग वाढविण्याची सोय असते. पायडल न मारता केवळ मुठीवर लांब चढ चढल्यास चाकातील मोटर तापते व बॅटरी झपाट्याने उतरते. म्हणून चढ लागण्यापूर्वीच गिअर हलका करावा आणि सारखे पायडल मारावे, हे पाहुण्याला पहिल्या दहा मिनिटांत शिकवावे.

वाट कशी निवडावी

पाली, मांजरसुंबा, कपिलधार हा पट्टा उदाहरणादाखल घेऊ. येथे तलाव, घाट, पावसाळ्यातील धबधबा आणि मन्मथस्वामींचे समाधिस्थान ही सर्व जवळजवळ आहेत. परंतु याच भागातून धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग जातो. मालमोटारींच्या त्या रहदारीत, विशेषतः घाटात, नवख्या पाहुण्यांना नेऊ नये. महामार्ग ओलांडावा लागलाच तर सर्वांनी उतरून, सायकल हातात धरून, वाटाड्याच्या इशाऱ्यावर एकदम ओलांडावा. शक्यतो गावाकडून निघून गाडीवाटांनी तलावाच्या मागच्या अंगाने फिरून गावातच परतणारी वाट ठरवावी. कार्तिक पौर्णिमेला कपिलधारला यात्रा असते. त्या दिवसांत तिकडे सहल ठेवू नये. भाविकांचा रस्ता अडवून धंदा करणे गावाला शोभत नाही.

तलावाचे पाणी उतरत जाते तशी गाळपेराची जमीन उघडी पडते व तीत हरभरा, ज्वारी पेरली जाते. पाहुण्याला ती मोकळी जागा वाटते. उगवणीवर आलेल्या वाफ्यातून चार सायकली गेल्या तर शेजाऱ्याशी कायमचे वैर होईल. वाट ज्या ज्या बांधावरून जाते त्या प्रत्येक शेतकऱ्याला आधी विचारावे. शक्य झाल्यास त्याच्याकडूनच भाजी, फळे घ्यावीत. वनखात्याच्या हद्दीत वनरक्षकाला विचारल्याशिवाय जाऊ नये. पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्य १९९४ पासून संरक्षित आहे. तेथे वनविभागाचे नियम लागू होतात.

वाट ठरली की आपण स्वतः ती तीन वेळा सायकलीने जाऊन पाहावी. एकदा सकाळी, एकदा दुपारी व एकदा पाऊस पडून गेल्यावर. काळ्या मातीची गाडीवाट कोरडी असताना उत्तम असते, पण ओली झाली की चाकात गच्च बसते. अशा दिवशी सहल रद्द करण्याचे धैर्य असावे.

वाटाड्याचे काम

या धंद्यात सायकलीपेक्षा वाटाड्याचे महत्त्व अधिक आहे, असे आमचे मत आहे. सायकल कोणीही विकत घेईल, पण हा कडा कोणत्या दगडाचा, या ओढ्याला पाणी कधी येते, बिंदुसरा पुढे सिंदफणेला आणि सिंदफणा गोदावरीला कशी मिळते, हे बीडच्या बाजारात विकत मिळत नाही. हिवाळ्यात तलावावर उतरणारे चक्रवाक, चिखलात लांब पायांनी फिरणारे शेकाटे, ज्वारीवर टोळधाडीसारख्या येणाऱ्या भोरड्या, ही सर्व आपली ओळखीची पाखरे आहेत. शेतकऱ्याने स्वतःच्या शब्दांत दिलेली माहिती पाहुण्याला अधिक आवडते. पाठ केलेले भाषण नको. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावे.

सुरुवातीला चारपेक्षा अधिक पाहुणे घेऊ नयेत. एक वाटाड्या पुढे, ई-सायकलवर. दुसरा सर्वांच्या मागे. मागच्याकडे हवा भरण्याचा पंप, पंक्चरचे साहित्य, दोन ट्यूब, पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी असावी. बाभळी-बोरीच्या काट्यांनी आपल्याकडे पंक्चर अटळ आहे. जाड ट्यूब घालाव्यात. हेल्मेट प्रत्येकाला सक्तीचे. हृदयविकार, दमा अथवा गुडघ्याचा त्रास आहे काय, हे निघण्यापूर्वीच विचारावे आणि सायकल गावातील मोकळ्या खळ्यावर पंधरा मिनिटे चालवून घ्यावी. ज्याला ब्रेक नीट लावता येत नाही त्याला डोंगरात नेऊ नये, मग तो कितीही मोठा माणूस असो.

चढापेक्षा उताराची भीती अधिक असते. सायकल जड असल्याने उतारावर वेग फार लवकर वाढतो. दोन सायकलींत किमान दहा-पंधरा मीटर अंतर ठेवावे, दोन्ही ब्रेक थोडे थोडे लावून सोडावेत. फक्त पुढचा ब्रेक करकचून दाबला तर माणूस डोक्यावर पडतो.

तलावाच्या पाण्यात कोणालाही उतरू देऊ नये. सांडव्यावरचे शेवाळ, काठाचा गाळ आणि एकदम वाढणारी खोली यांचा अंदाज पोहणाऱ्यालाही येत नाही. शिवाय हे पाणी पिण्याचे व शेतीचे आहे. तलाव जलसंपदा विभागाचा असल्याने भिंतीवर सायकली नेण्यापूर्वी तेथील कर्मचाऱ्यांना विचारावे. कड्यांवर आग्या मोहोळ असेल तर ती वाट त्या हंगामापुरती सोडून द्यावी. उग्र वासाचे अत्तर आणि धूर यांनी माश्या उठतात व उठल्या की सायकलीहून वेगाने येतात.

हिशेब : सायकल नव्हे, सीताफळ

साध्या ई-सायकलीची किंमत साधारण २५ ते ५० हजार रुपये असते. ३५ हजारांची एक धरल्यास चार पाहुण्यांच्या आणि एक वाटाड्याची मिळून १ लाख ७५ हजार होतात. सप्टेंबर ते जानेवारीतील शनिवार-रविवारांतून पाऊस, सण व यात्रा वजा जाता ३० दिवस मिळतील असे समजू. रोज सरासरी तीन पाहुणे, माणशी ४०० रुपये, म्हणजे हंगामाचे ३६ हजार. दोन वाटाड्यांना रोजी ५०० प्रमाणे ३० हजार गेले. उरले सहा हजार. त्यात दुरुस्ती आली, आणि काही वर्षांनी बॅटरी बदलणे आलेच. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपापल्या गावाचे घालून पाहावेत. पण दिशा स्पष्ट आहे : केवळ सायकलीच्या भाड्यावर मुद्दल फिटत नाही. म्हणून कर्ज काढून आठ-दहा सायकली घेण्याचा मोह टाळावा. पहिल्या हंगामात दोन-तीन सायकली भाड्याने मिळाल्या तर त्यावर अनुभव घ्यावा, अन्यथा बचत गटाने मिळून घ्याव्यात.

धंदा तरतो तो दुसऱ्या बाजूने. बालाघाटच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, अंबाजोगाईला आपल्या विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र आहे आणि फळाचा हंगाम सप्टेंबर ते नोव्हेंबर, म्हणजे सहलीचाच आहे. या फळाची मोठी अडचण आपण जाणताच. डोळे उघडून खवल्यांमधील भाग पिवळसर-पांढरा झाला की तोडणी करावी लागते आणि तीन-चार दिवसांत फळ पिकून मऊ पडते. क्रेट, वाहतूक, हमाली व अडत जाऊन हातात काय उरते हेही आपण जाणता. पाहुणा बागेत येऊन स्वतः फळ ओळखायला शिकतो, तोडतो आणि घरी नेतो तेव्हा हा सर्व खर्च वाचतो. त्याला पाडाचे, दोन दिवसांनी पिकणारे आणि आज खाण्याचे अशी वेगवेगळी फळे द्यावीत. वरखाली मिसळून वजन वाढवू नये. सीताफळानंतर हुरडा येतो. ज्वारीची भाकरी, पिठले, ठेचा, शेंगदाण्याची चटणी हे जेवण घरच्या बायकांच्या हातचे असते; त्याचे पैसे त्यांच्याच हातात द्यावेत. गड्याने फेरी दाखवायची, बाईने फुकट राबायचे, असा जोडधंदा काय कामाचा?

मुक्काम व भोजनाची कायमची व्यवस्था करणार असाल तर राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी. ग्रामपंचायत व पोलीस पाटील यांना कल्पना द्यावी, तसेच पाहुण्यांच्या अपघात विम्याची विमा प्रतिनिधीकडे चौकशी करावी. सप्टेंबर २०२५ मध्ये अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वे सुरू झाल्याने बाहेरगावच्या पाहुण्यांची वाट थोडी सोपी झाली आहे. परंतु जिल्ह्याचा सरासरी पाऊसच सुमारे ६५० ते ७०० मिलिमीटर. २०१५ किंवा २०१८ सारखे साल आले तर तलावही नाही आणि पाहुणाही नाही. ई-सायकल अशा वर्षी पडून राहू नये म्हणून मागे मजबूत कॅरिअर असलेली घ्यावी. दुधाची किटली डेअरीवर नेणे, शेतावर भाकरी पोचविणे ही कामे ती वर्षभर करते.

बॅटरीची निगा

३६० वॅट-तासांची बॅटरी पूर्ण भरण्यास अर्ध्या युनिटाच्या आत वीज लागते. दोन अँपिअरच्या चार्जरला सुमारे पाच तास. तापलेली बॅटरी आल्या आल्या चार्जिंगला लावू नये, तासभर सावलीत थंड होऊ द्यावी. चार्जिंग सिमेंटच्या फरशीवर, उघड्या जागी, कडबा व गोठा यांपासून दूर आणि कोणी जागे असताना करावे. बॅटरी फुगली, तडकली किंवा तिला वास येऊ लागला तर ती घराबाहेर काढून वापर बंद करावा. गावात उघडून दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नये. सायकल धुताना फवारणी पंपाचा जोरदार झोत मोटरवर मारू नये; ओल्या फडक्याने पुसणे पुरेसे आहे. ओढ्याचे पाणी चाकाच्या आसापर्यंत असेल तर सायकल पाण्यातून नेऊ नये. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या खोलीत बॅटरी ठेवल्यास तिचे आयुष्य कमी होते. हंगाम संपल्यावर ती निम्मी भरलेली ठेवून घरातील थंड कोनाड्यात ठेवावी आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी तपासून उतरली असल्यास पुन्हा निम्मी भरावी.