गिलाव्याआडचे घर
शास्त्रपाठ : लेवीय 14:33-53

लेवीयाच्या पुस्तकातील चौदाव्या अध्यायापाशी आले की पुष्कळ वाचक भराभर पाने उलटतात. माणसाच्या कातडीवरील चट्ट्यांची चिकित्सा संपते न संपते तोच घराच्या भिंतीवरील चट्ट्यांची सुरू होते, आणि दगडमातीला कसला आला रोग, असे मनात येते. परंतु प्रिय वाचकहो, आपण जुने घर विकत घेण्याच्या विचारात असाल तर हा उतारा सावकाश वाचा.

आपल्या समाजात स्वतःचे पहिले घर बहुधा उशिरा येते. कित्येक कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या मिशन कंपाउंडात किंवा नोकरीच्या क्वार्टरात गेल्या. जबलपुरातील मराठी कुटुंबांचेच पाहा. 1904 साली सुरू झालेली गन कॅरेज फॅक्टरी, रेल्वे, शाळा, रुग्णालये यांच्या आधाराने अनेकांचे संसार उभे राहिले. पण सेवानिवृत्तीनंतर क्वार्टर सोडावे लागते. हाती भविष्यनिर्वाह निधीची रक्कम असते. अशा वेळी कोणी सांगतो की सराफ्यातील एका गल्लीत जुने दुमजली घर निघाले आहे. जरा डागडुजी केली की झाले. त्या ‘जरा’ शब्दावर उभ्या जन्माची पुंजी लावली जाते.

सराफा ही सोन्याचांदीची पेठ. तेथे नुसत्या झळाळीवर कोणी सोने घेत नाही. कसोटीवर घासून पाहतो. त्याच पेठेत घर मात्र रंगावर घेतले जाते, हे नवलच.

आता शास्त्रपाठाकडे वळू. प्रथम घराचा मालक आपण होऊन याजकाकडे जातो आणि आपल्या घरात चट्ट्यासारखे काही दिसते असे सांगतो. दोष लपविण्याची नव्हे, कळविण्याची जबाबदारी मालकावर आहे. घर विकणाऱ्या ख्रिस्ती मनुष्याने हे वचन विशेष ध्यानात घ्यावे. गिऱ्हाईक येण्यापूर्वी ओलीवर चुना फासणे हा निव्वळ व्यवहार नव्हे. मग याजक आत जाण्यापूर्वी घर रिकामे करवितो. त्यात दया आहे, कारण सामान अशुद्ध ठरू नये हा हेतू आहे. आणि शहाणपणही आहे, कारण कपाटामागची भिंत कपाट हलविल्यावाचून दिसत नाही. हिरवट वा तांबूस डाग पृष्ठभागापेक्षा खोल गेला आहे काय, हे तो पाहतो, आणि तरीही लगेच निकाल देत नाही. सात दिवस घर बंद ठेवून पुन्हा येतो.

ही थांबण्याची गोष्ट आपल्याला जड जाते. इसारा लवकर द्या, दुसरे गिऱ्हाईक तयार आहे, असे दलाल म्हणतोच. पण मे महिन्यात पाहिलेली भिंत पुरते खरे बोलत नाही. शक्य असेल तर तेच घर श्रावणात पाहावे. छताखालच्या तुळया ठोकून पाहाव्यात, वाळवीची माती शोधावी, आणि ओळखीचा नव्हे, तर जाणता अभियंता न्यावा.

चट्टा पसरला असेल तर दगड काढायचे, भिंती आतून खरवडायच्या आणि दुसरे दगड, दुसरा गिलावा घालायचा, असा नियम आहे. वरून लेप देण्याची मुभा त्यात नाही. जुन्या वस्त्यांतील पुष्कळ भिंती विटा आणि चुन्याच्या असतात. त्यांत शिरलेली ओल चुन्यातून हळूहळू बाहेर पडते. अशा भिंतीला सिमेंटचा गुळगुळीत गिलावा दिला की तिची वाट अडते. ती वर चढते, लोणा धरतो, आणि दोन-चार पावसाळ्यांत पोपडे सुटतात. तेथे चुन्याचाच गिलावा योग्य. मात्र आधी ओल कोठून येते ते शोधले पाहिजे. बहुधा फुटका पन्हळ किंवा तुंबलेली मोरी निघते.

याहून गंभीर बाब भिंतींच्या बळाची आहे. 22 मे 1997 रोजी पहाटे जबलपूरला भूकंप झाला. सुमारे चाळीस माणसे दगावली, हजारो घरे पडली वा तडकली. त्यापूर्वी 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारीचा प्रलयही पहाटेचाच. दोन्ही वेळी माणसे आपापल्या छपराखाली निजलेली होती. म्हणून सराफ्यातील जुन्या घराच्या मालकाला पहिला प्रश्न हा विचारावा की त्या वर्षी पडलेल्या भेगा बांधून काढल्या की नुसत्या बुजविल्या? खोली मोठी करण्यासाठी मधली भिंत पाडण्याचा मोहही आवरावा. अशा घरात बहुतेक प्रत्येक भिंत डोक्यावर भार घेऊन उभी असते. कोपरे सांधणे, दारेखिडक्यांच्या माथ्यावरून सर्व भिंतींना जखडणारा पट्टा घालणे, यांवर झालेला खर्च पाहुण्यांना दिसत नाही. तो आधी करावा, फरशी मागाहून. अनुवाद 22:8 मध्ये गच्चीला कठडा बांधण्याची आज्ञा आहे ती नव्या घराविषयी, हे खरे. परंतु वरून पडणाऱ्याचा दोष घरावर येतो हे तिचे कारण जुन्या घराला तितकेच लागू आहे.

खर्चाचा हिशेब आधी बसून करा, हे प्रभूने लूक 14:28 मध्ये बुरुजाच्या दृष्टान्तात सांगितले. तो हिशेब खरेदीच्या किमतीवर संपत नाही. मुद्रांक शुल्क, नोंदणी, दुरुस्ती, दुरुस्ती चालू असताना भाड्याने राहणे, आणि गिलावा उतरविल्यावर जे निघेल त्यासाठी निराळी ठेव. माझ्या मते ही ठेव अंदाजपत्रकाच्या चौथ्या हिश्शाहून कमी नसावी.

कागदांविषयी यिर्मयाचा बत्तिसावा अध्याय पाहा. शहराला वेढा पडलेला, संदेष्टा पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, तरी अनाथोथचे शेत घेताना तो सतरा शेकेल रुपे साक्षीदारांसमोर तोलून देतो, आणि मोहरबंद व उघडे अशी दोन्ही खरेदीखते मातीच्या पात्रात ठेववितो. आपल्याकडे मात्र खरेदीखतात कमी रक्कम दाखवून उरलेली रोख देण्याची रीत ख्रिस्ती घरांतही शिरली आहे. ते असत्य आहे, शिवाय धोक्याचेही. लिहिले नाही ते परत मागता येत नाही. स्थावराच्या विक्रीपोटी 20,000 रुपये वा अधिक रोख घेण्यास आयकर कायद्याने 2015 पासून मनाई आहे. जमीन खासगी की नजूल, वारस किती, घरावर कर्जाचा बोजा आहे काय, हे नोंदणी कार्यालयात व महसुली दप्तरात तपासावे. तळमजल्यावर दुकानदार भाडेकरू असेल तर मालक बदलल्याने त्याचा हक्क आपोआप संपत नाही. त्याच्याशी इसाऱ्यापूर्वीच बोलावे.

आणखी एक गोष्ट. याजक जे पक्षी, गंधसरूचे लाकूड व एजोब आणतो, ते घर दुरुस्त होऊन शुद्ध ठरल्यावर, त्याआधी नव्हे. गृहप्रवेशाची प्रार्थना आपणही रंग वाळल्यावर ठेवतो, ते योग्यच. परंतु भिंती खरवडून विटा उघड्या पडल्या असतील त्या दिवशीही पाळकसाहेबांना एकदा बोलवावे, आणि गवंडी व सुतार त्या वेळी तेथे असतील असे पाहावे.