भट्टीजवळचे काम आणि उष्णतेचे विकार

कोल्हापूर आणि परिसरात ओतकामाचा धंदा जुना आहे. शिवाजी उद्यमनगरापासून शिरोली, गोकुळ शिरगावपर्यंत फाउंड्र्या पसरलेल्या आहेत. तेथे लोखंडाचा रस साधारण १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून साच्यात ओततात. रस किती तापला हे बघण्यासाठी यंत्र असते. रस ओतणाऱ्याचे अंग किती तापले आहे, हे मात्र सहसा कोणी बघत नाही. माझ्या दवाखान्यात फाउंड्रीतले रुग्ण नेहमी येतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आजचा लेख आहे.

अंग थंड कसे राहते?

आपल्या शरीराचे आतले तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या जवळपास राहावे लागते. कष्टाचे काम करताना स्नायूंमधूनच बरीच उष्णता निर्माण होते. भट्टीजवळ त्यात बाहेरच्या उष्णतेची भर पडते. ही भर दोन वाटांनी येते. एक वाट तापलेल्या हवेची आणि दुसरी किरणांची. भट्टीचे दार उघडले की चेहऱ्याला चटका बसतो आणि बंद केले की लगेच थांबतो. हवा इतक्या लवकर गार होत नाही. म्हणजे तो चटका किरणांचा असतो. पंखा कितीही मोठा लावला तरी किरण अडत नाहीत. त्यासाठी मध्ये आडोसा लागतो. चकचकीत अॅल्युमिनियमचा पत्रा हे काम चांगले करतो, कारण तो किरण परतवतो. त्यावर काजळी बसू देऊ नये.

भोवतालची हवा कातडीपेक्षा गरम झाली की अंग थंड करण्याचा एकच उपाय उरतो, तो म्हणजे घाम सुकणे. घाम नुसता येऊन भागत नाही, तो सुकावा लागतो. म्हणूनच पावसाळ्यातल्या दमट हवेत, ऊन नसतानाही, भट्टीवरच्या माणसाला त्रास होतो.

तीन प्रकारचे त्रास

१) वांब येणे (गोळे येणे) : पोटऱ्या, मांड्या, पोट यांत दुखरे गोळे येतात. घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते. १९२३ साली मॉस या संशोधकाने इंग्लंडमधील कोळसा खाणींतल्या कामगारांचा अभ्यास केला. घाम गाळून नुसते पाणी भरपूर पिणाऱ्यांना गोळे येतात आणि पाण्यात थोडे मीठ घातले की ते टळतात, असे त्याला दिसले.

२) उष्णतेचा थकवा : डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, अंग घामाने थबथबते, नाडी जलद चालते. माणूस शुद्धीवर असतो आणि नीट बोलतो. त्याला सावलीत आडवे करून पाय थोडे उंच ठेवावेत, कपडे सैल करावेत व मीठ-साखरेचे पाणी घोट घोट पाजावे. अर्ध्या तासात आराम पडला नाही तर डॉक्टरकडे न्यावे. त्या दिवशी पुन्हा भट्टीवर पाठवू नये.

३) उष्माघात : अंगातले तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि मेंदूचे काम बिघडते. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, झोकांड्या खातो, झटके येतात, बेशुद्ध पडतो. यात जीव जाऊ शकतो.

उष्माघातात कातडी कोरडी पडते, असे बहुतेकांनी ऐकलेले असते. उन्हाळ्यात घरात बसून त्रास झालेल्या वृद्धांमध्ये तसे आढळते. कष्टाचे काम करता करता उष्माघात झालेल्या तरुणाला मात्र भरपूर घाम येत असू शकतो. घाम आहे म्हणून उष्माघात नाही, असे समजू नका. तसेच गोळे, थकवा, उष्माघात हे क्रमानेच येतात असेही नाही.

मागे एका बावीस वर्षांच्या मुलाला दुपारी माझ्याकडे आणले होते. गावच्या जत्रेसाठी पंधरा दिवसांची रजा घेऊन तो आदल्या दिवशीच कामावर रुजू झाला होता. लॅडल धरून रस ओतताना तो बरळू लागला. काही जण म्हणाले, पिऊन आला आहे. मुकादम जुना, जाणता माणूस. त्याने मुलाला उचलून सावलीत नेले, टाकीचे पाणी बादल्यांनी अंगावर ओतायला लावले आणि रिक्षातही ओल्या पोत्यात गुंडाळूनच आणले. माझ्याकडे पोहोचला तेव्हा ताप ३९.५ अंश होता. पुढे रुग्णालयात चार दिवस राहून तो बरा झाला. त्या बादल्यांनी त्याचा जीव वाचवला, असे मी मुकादमाला सांगितले.

उष्माघात वाटल्यास काय करावे?

१) भट्टीपासून दूर, सावलीत न्यावे. जाड कपडे, बूट काढावेत.
२) आधी थंड करावे, मग हलवावे. शक्य असल्यास गार पाण्याच्या हौदात मानेपर्यंत बसवावे व डोके धरून ठेवावे. नाहीतर सतत पाणी ओतून पंख्याने वारा घालावा.
३) त्याच वेळी दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.
४) शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नये. ते फुफ्फुसात जाते.
५) पॅरासिटामॉल देऊ नये. हा ताप जंतूंचा नसतो, त्यावर ती गोळी चालत नाही.

सवय जशी लागते, तशी मोडते

उष्णतेची सवय शरीराला एक ते दोन आठवड्यांत लागते. घाम लवकर येऊ लागतो आणि त्यातून मीठ कमी जाते. आठ-पंधरा दिवस काम सुटले की ही सवय कमी होऊ लागते. गंभीर प्रकार बरेचदा कामाच्या पहिल्या काही दिवसांतच घडतात. म्हणून नव्या माणसाला पहिल्या दिवशी भट्टीचे काम पाळीच्या पाचव्या हिश्श्याइतकेच द्यावे आणि रोज तेवढेच वाढवावे. रजेवरून आलेल्यालाही एकदम पूर्ण काम देऊ नये. आदल्या रात्रीची दारू, जुलाब, ताप, तसेच लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या यांनी धोका वाढतो.

काय प्यावे?

तहान लागण्याची वाट पाहू नये. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला पाणी प्यावे. तासाला दीड लिटरपेक्षा जास्त पिऊ नये. घाम तासन्‌तास येत असेल तर ताक-मीठ, लिंबू सरबत किंवा ओआरएस घ्यावे. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घातले तरी चालते (चमचा चहाचा). मिठाच्या गोळ्या खाऊ नयेत. रक्तदाब, मधुमेह, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे.

भट्टीचे आणखी काही त्रास

पितळ ओतताना जस्ताचा धूर होतो. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येते, तोंडाला धातूची चव येते. एक-दोन दिवसांत ताप उतरतो. सुटीनंतर कामावर गेल्यावर तो अधिक जाणवतो. हा मलेरिया समजला जाण्याची शक्यता असते.

कोक जाळणाऱ्या क्युपोलाजवळ कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला वायू असतो. एकाच वेळी दोघा-तिघांचे डोके दुखून उलट्या होऊ लागल्या तर सर्वांनी लगेच मोकळ्या हवेत यावे.

वर्षानुवर्षे तापलेल्या रसाकडे उघड्या डोळ्यांनी पाहिल्यास मोतीबिंदू होऊ शकतो. किरण अडवणारा रंगीत चष्मा वापरावा.

साच्याच्या वाळूची बारीक धूळ फुफ्फुसात साठून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. गूळ खाल्ला की धूळ निघून जाते, असे अनेक जण मानतात. गूळ जरूर खा, पण तो मास्कचे काम करत नाही.

शेवटी एक विनंती. कोणत्याही तक्रारीसाठी डॉक्टरकडे गेलात तर आपण फाउंड्रीत कोणत्या खात्यात आणि किती वर्षे काम करतो, हे आपणहून सांगा. तापाचे, खोकल्याचे किंवा दिसत नसल्याचे कारण बरेचदा त्या एका वाक्यात सापडते.