मोहाच्या झाडाखालची शाळा

प्रश्न : मुलगी सातवीत, धानोरा तालुक्यातल्या शाळेत शिकते. शहरांतल्या ‘आयबी’ शाळांसारखं शोध घेत शिकणं तिला कसं मिळेल?
— एक पालक, जि. गडचिरोली

उत्तर : ‘आयबी’चा (इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा) ११ ते १६ वयोगटाचा अभ्यासक्रम १९९४ मध्ये सुरू झाला. फी आणि इमारती सोडा. गाभा एवढाच, की मुलांनी प्रश्न विचारावा, पुरावा गोळा करावा, मग बोलावं. तुमच्याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने अभ्यासगटांत बसून कायदे समजून घेतले आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला.

मोहापासून सुरुवात करा. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. त्याऐवजी जाळी अंथरली तर? एका झाडाखाली जाळी, दुसऱ्याखाली नुसती झाडलेली जमीन. वेचायला लागलेला वेळ आणि फुलांचं वजन रोज वहीत. दोनच झाडांवरून ठाम बोलता येत नाही, हेही तिला आपोआप कळेल. आजीने सांगितलेलं मात्र वेगळ्या पानावर लिहू द्या. झाडं घराजवळचीच निवडा; वाघाच्या मुलखात पहाटे एकटीला पाठवू नका.

राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेत १० ते १७ वयाची मुलं असेच स्थानिक प्रकल्प मांडतात. शाळेतल्या विज्ञान शिक्षकांकडे त्याची चौकशी आताच करा.