खड्ड्याशेजारच्या चाळीबद्दल

चि. सायलीस,

गिरगावातल्या साईटवर दोन बेसमेंटचं खोदकाम तुझ्याकडे सोपवलंय आणि डाव्या अंगाला लागूनच तीन मजली जुनी चाळ उभी आहे, हे ताईकडून कळलं. तुझ्या साहेबांना तुझ्यावर विश्वास आहे, हे चांगलंच. पण असल्या कामात ड्रॉइंगमध्ये नसलेल्या गोष्टीच जास्त त्रास देतात, म्हणून फोनवर न बोलता लिहितो आहे.

शोअर पाइल किती व्यासाचे, स्ट्रट कुठल्या पातळीवर, हे सगळं ड्रॉइंगमध्ये असेलच. चाळीच्या पायाच्या जागी मात्र बहुधा एक तुटक रेघ असेल, आणि ती अंदाजाने मारलेली असते. चाळीच्या मालकाची परवानगी काढ, भिंतीलगत एक लहान खड्डा हाताने खणून घे (जेसीबी तिकडे फिरकूही देऊ नकोस) आणि पाया डोळ्यांनी बघ. असल्या घरांचा पाया दगडचुन्याचा, भिंतीहून थोडाच रुंद आणि पुष्कळदा पुरुषभरही खोल नसतो. तुझा खड्डा सहा-सात मीटर जाणार. म्हणजे चाळीच्या वजनाचा बराच रेटा तुझ्या पाइलांच्या पाठीवर येणार आहे. डिझाइन करणाऱ्याने तो धरलाय का आणि किती धरलाय, हे बेधडक विचार. नवीन आहेस म्हणून गप्प बसू नकोस. उलट नवीन माणसाने विचारलं तर कोणाला राग येत नाही, ही सोय पुढे राहत नाही.

आता माती. त्या भागात वर भराव, खाली वाळू, कुठे काळा चिकट गाळ, मग मुरूम आणि शेवटी दगड असा साधारण क्रम लागतो. पण दोन बोअरच्या मधे काय आहे ते बोअर सांगत नाही. गिरगावच्या वाड्यांमधून विहिरी होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मलेरियाच्या भीतीने मुंबईतल्या कितीतरी विहिरी झाकल्या, बुजवल्या गेल्या. बुजवताना हाताला येईल ते आत टाकलं. पाइल नेमका अशा जागी उतरला तर काँक्रीट कुठे जातंय ते कळत नाही. चाळीतल्या एखाद्या आजींना विचार, विहीर कुठे होती. माती तपासणीच्या अहवालात न सापडणारी माहिती चहाच्या कपाबरोबर मिळते.

पाण्याबद्दल जास्त लिहितो, कारण वाळूत घात तिथेच होतो. तुमचे टच पाइल आहेत, असं ताईच्या बोलण्यावरून वाटलं. टच पाइल कागदावर एकमेकांना चिकटतात. जमिनीत थोडे तिरके उतरतात आणि फटी राहतात. त्या फटींतून पाणी येतं, आणि पाण्याबरोबर वाळू. पंपाचं पाणी गटारात जाताना कोणी बघत नाही. तू रोज सकाळी पंपाच्या तोंडाशी एक पारदर्शक बाटली भर, तारीख लिहून केबिनच्या खिडकीत ठेव आणि संध्याकाळी तळाशी काय बसलंय ते बघ. लिटरमागे एक ग्रॅम वाळू म्हणजे नखावर मावेल एवढीच. पण पंप मिनिटाला हजार लिटर ओढत असेल, तर ती तासाला ६० किलो आणि दिवसाला जवळपास दीड टन होते. एवढी वाळू गेली की कुठेतरी जवळजवळ एक घनमीटर जागा रिकामी झाली. ती चाळीच्या पायाखाली असण्याचीच शक्यता अधिक. बाटलीत वाळू दिसली की पंप जोरात लावायचा नाही. फट शोधून ग्राउट करायची, पंपाच्या विहिरीला गाळणी नीट बसवायची.

पाणी स्वच्छ येत असलं तरी निर्धास्त राहू नकोस. भूजल एक मीटर खाली गेलं, की खालच्या थरांवर दर चौरस मीटरला साधारण एक टनाचा जादा भार पडतो, आणि गाळाचा थर असेल तर तो महिनोन्‌महिने दबत राहतो. म्हणून चाळीच्या बाजूला पिझोमीटर हवाच. तिकडची पातळी उतरायला लागली तर बाहेरून पाणी परत मुरवावं लागतं. त्याचा खर्च टाळण्याकडे सगळ्यांचा कल असतो.

खोदकामाच्या क्रमात कोणाचंही ऐकू नकोस. मुकादम म्हणेल, "मॅडम, पोकलेन उभाच आहे, आणखी एक मीटर मारून घेतो, स्ट्रट उद्या टाकू." पहिला स्ट्रट बसण्याआधी तीन मीटरच्या जागी चार मीटर खणलं, तर नुसत्या मातीचा रेटा पावणेदोनपट होतो आणि पाइलला वाकवणारा जोर सव्वादोनपटीच्याही वर जातो. हे गणित त्याला पाटीवर मांडून दाखव. मुकादमांना गणित कळत नाही हा इंजिनियरांचा गैरसमज आहे.

स्ट्रट आणि वेलर जिथे भेटतात तो सांधा स्वतः शिडी लावून तपास. सिंगापूरला निकोल हायवेजवळ २० एप्रिल २००४ रोजी मेट्रोचा तीस मीटरहून खोल खड्डा कोसळला, चार माणसं गेली. मऊ सागरी गाळाची ताकद हिशेबात जास्त धरली होती आणि हे सांधे कमजोर पडले. भिंत सरकते आहे हे आकडे आधीपासून सांगत होते. तुझ्या इन्क्लिनोमीटरचे आकडेही नुसते फाइलला लावू नकोस. किती मिलिमीटरला काम थांबवायचं आणि ते थांबवायचा हुकूम कोण देणार, हे खोदकाम सुरू व्हायच्या आधी लेखी घे.

खणलेली माती काठावर रचू देऊ नकोस. आपलं आयएस ३७६४ सांगतं, की ढीग काठापासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मा, यातलं जे जास्त असेल तितका लांब हवा. शांघायला जून २००९ मध्ये एका बाजूला गॅरेजसाठी खणलं आणि दुसऱ्या बाजूला मातीचा डोंगर रचला, तेव्हा तेरा मजली नवी इमारत आख्खीच्या आख्खी आडवी झाली.

काम सुरू होण्यापूर्वी चाळीतल्या प्रत्येक बिऱ्हाडात जाऊन जुन्या भेगांचे फोटो तारखेसकट काढ, मोठ्या भेगांवर काचेच्या पट्ट्या बसव. लोक कुरकुर करतील, तरी जा. दार अचानक घासायला लागलं तर ते तुलाच आधी सांगतील, अशी ओळख ठेव. कायदाही त्यांच्या बाजूचा आहे: १८८२ च्या ईझमेंट कायद्याप्रमाणे शेजारच्या जमिनीचा आधार घराला वीस वर्षं अखंड मिळाला, तर तो हक्क होऊ शकतो. रॉक अँकर चाळीच्या जमिनीखाली जाणार असतील तर त्यासाठी मालकाचीही संमती लागते, ती कोणी घेतली आहे का बघ.

राहिला पाऊस. जून २०१८ मध्ये अँटॉप हिलला खोदकामालगतची भिंत पावसात कोसळली आणि शेजारच्या सोसायटीच्या मोटारी खड्ड्यात गेल्या. मेअखेर तुमचा राफ्ट पडणार नसेल, तर खोदकाम कुठल्या स्ट्रटच्या पातळीला थांबवायचं ते आत्ताच ठरवून घ्या.

चाळीच्या बाजूच्या बोअरचा लॉग मला पाठव. पाण्याची पातळी कुठल्या महिन्यात मोजली तेही कळव. मे महिन्यातली असेल तर त्या आकड्यावर काहीच आखता येणार नाही. ताईला आणि भावोजींना नमस्कार.

तुझा,
अरुणमामा