निळं द्यायचं, काळं घ्यायचं

माझ्याकडे ओमेगाचं सीमास्टर डायव्हर ३०० एम आहे. निळी तबकडी, तिच्यावर कोरलेल्या लाटा. डायव्हिंगमधल्या माझ्या जोडीदाराकडे ट्यूडरचं ब्लॅक बे फिफ्टी-एट आहे. काळी तबकडी, सोनेरी काटे. तो मूळचा रत्नागिरीचा, मर्चंट नेव्हीत इंजिनिअर. गेल्या हंगामाच्या शेवटी, बोटीवर सिलिंडर बांधता बांधता त्यानं सरळ विचारलं, “अगं, अदलाबदल करायची का?” पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावरचं डायव्हिंग बंद असतं, त्यामुळे विचाराला भरपूर वेळ मिळाला. त्या काळात घड्याळांबद्दल आणि थोडं स्वतःबद्दल जे उमगलं, ते हे.

१. कागदावरचे आकडे घड्याळाची ताकद सांगतात, माझी गरज सांगत नाहीत. मी दोन्ही घड्याळांचे आकडे शेजारी शेजारी लिहिले तेव्हा ओमेगा जवळजवळ प्रत्येक ओळीत पुढे होतं. पाण्याची क्षमता ३०० मीटर, ट्यूडरची २००. बेझल, म्हणजे तबकडीभोवतीची फिरती कड, सिरॅमिकची, ट्यूडरची ॲल्युमिनियमची. ओमेगाला तारीख आहे, ट्यूडरला नाही. ट्यूडर फक्त एकाच ठिकाणी वरचढ होतं: काढून ठेवलं तर ते ७० तास चालतं, ओमेगा ५५. एवढं वाचून प्रश्न मिटायला हवा होता, तो मिटला नाही. हौशी डायव्हरची मर्यादा ४० मीटरची. तारकर्लीला तर आपण त्याच्या निम्म्यानंही खाली जात नाही. म्हणजे २०० काय आणि ३०० काय, माझ्यासाठी दोन्ही आकडे गरजेच्या कितीतरी पलीकडचे. खरं रक्षण करतात त्या आतल्या रबरी कड्या, आणि रबर म्हातारं होतं. नव्या कड्या घातलेलं, प्रेशर टेस्ट केलेलं २०० मीटरचं घड्याळ हे वर्षानुवर्षं न उघडलेल्या ३०० मीटरवाल्यापेक्षा जास्त भरवशाचं. ही गोष्ट कुठल्याच तक्त्यात नसते.

२. एखाद्या गोष्टीबद्दल आदर वाटणं वेगळं आणि ती आपल्याला लागणं वेगळं. ओमेगाच्या डाव्या बाजूला, दहाच्या आकड्यापाशी, एक जास्तीची चावी आहे. ती हेलियम बाहेर सोडण्यासाठी. फार खोल काम करणारे सॅच्युरेशन डायव्हर दिवसेंदिवस दाबाखालच्या बंद खोलीत राहतात आणि हेलियम मिसळलेली हवा घेतात. हेलियमचे कण इतके बारीक की ते सीलमधूनही घड्याळात शिरतात. मग त्या खोलीतला दाब उतरला की आत अडकलेला वायू काच उडवू शकतो, म्हणून ही झडप. ती लागते त्या बंद खोलीतच, दाब उतरत असताना. पाण्यात पोहताना तिचा उपयोग नाही. हे काम करणारी माणसं आपल्यापासून लांब नाहीत. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरच्या मुंबई हायच्या तेलक्षेत्रात, जिथे १९७४ साली तेल सापडलं, समुद्रतळाच्या पाइपलाइनींची देखभाल असेच डायव्हर करतात. त्यांचं काम समजून घेतल्यापासून त्या चावीकडे मी अधिक मानानं बघते. पण ती त्यांची आहे. माझ्या मनगटावर ती नुसती हाताच्या पाठीला रुतते.

३. पाण्याखाली घड्याळाचा एकच भाग महत्त्वाचा असतो, आणि दुकानात तो कुणी नीट फिरवूनही बघत नाही: बेझल. खाली उतरताना तिची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची, की पुढे किती मिनिटं गेली ते थेट वाचता येतं. ती एकाच दिशेनं फिरते, घड्याळाच्या उलट. कशाला धक्का लागून ती सरकलीच तर गेलेला वेळ जास्त दिसतो, कमी कधीच नाही. चूक झाली तरी माणूस लवकर वर येतो. हा शहाणपणा अनुभवातून आलेला आहे. १९५३ साली फिफ्टी फॅदम्स हे घड्याळ आणणाऱ्या ब्लाँपँ कंपनीचे प्रमुख ज्याँ-जाक फिश्तर स्वतः डायव्हर होते. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर वेळेचं भान सुटून त्यांची हवा संपली होती, आणि त्यातून त्यांनी डायव्हरला घड्याळात नेमकं काय हवं याचा विचार सुरू केला. आज माझ्या दुसऱ्या मनगटावर डायव्ह कॉम्प्युटर असतो, आणि जीव मी त्याच्याच हिशेबावर सोपवते. तरीही बेझल लावल्याशिवाय मी पाण्यात उडी मारत नाही. बॅटरी नसलेलं काहीतरी सोबत असावं, असं मला मनापासून वाटतं.

आता खरी गोष्ट. ओमेगाची बेझल दिसायला फार सुंदर आहे. तिची कड लाटेसारखी, सौम्य वळणांची. पण ओल्या बोटांनी ती पकडताना बोटं घसरतात, आणि हातमोजे असले तर दोन-तीनदा प्रयत्न करावा लागतो. ट्यूडरच्या बेझलची कड नाण्यासारखी बारीक दातेरी आहे, ती पहिल्या चिमटीत फिरते. कागदावर दुबळं दिसणारं घड्याळ पाण्यात शिरण्याआधीच पुढे गेलं, याचं मला फार आश्चर्य वाटलं.

४. सुंदर दिसणं आणि पटकन दिसणं यांत पाणी फरक करतं. वर येताना आपण ५ मीटरवर ३ मिनिटं थांबतो. अंगात साठलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा म्हणून. लाटांनी दोरी वरखाली होत असते, श्वासाचे बुडबुडे तोंडावरून जातात, एका हातानं दोरी धरलेली असते. त्या ३ मिनिटांत मी जितक्यांदा घड्याळाकडे बघते तितकं जमिनीवर दिवसभरात बघत नसेन. मुरुडेश्वरसमोरच्या नेत्राणी बेटापाशी आम्ही घड्याळं बदलून डायव्ह केली होती, मुद्दाम, हेच तपासायला. ओमेगाचे काटे मधून कोरलेले, पोकळ आहेत. उन्हात, चमकत्या पाण्यात ते लाटांच्या तबकडीवर हरवतात. अंधारात मात्र त्याची योजना फार विचारपूर्वक केलेली: मिनिटकाटा आणि बेझलवरचा ठिपका हिरवा चमकतो, बाकी सगळं निळं. डायव्हरला मिनिटंच हवी असतात, हे ज्यानं ओळखलं त्याला माझा सलाम. ट्यूडरचा तासकाटा टोकाला चौकोनी. हा आकार १९६९ सालापासूनचा. दोन काट्यांत गफलत होतच नाही. ट्यूडरची घड्याळं फ्रेंच नौदलानं वर्षानुवर्षं वापरली, ती का, ते त्या दोरीला धरून लोंबकळताना कळलं. बेझलवरचा लाल त्रिकोण तेवढा खोलीत काळपट होतो, कारण पाणी लाल रंग सगळ्यांत आधी गिळतं. पण त्रिकोणातला चमकणारा ठिपका शाबूत राहतो, आणि तेवढं पुरतं.

५. मनगटाचंही एक मत असतं. ओमेगा ४२ मिलिमीटर रुंद, साडेतेरा मिलिमीटरच्या आसपास जाड. ट्यूडर ३९ आणि बाराच्याही आत. वाचताना हा फरक काहीच वाटत नाही. मी घड्याळ घ्यायला गेले तेव्हा दुकानात आधी माझ्यासमोर खड्यांची नाजूक घड्याळं मांडली गेली. मग मी ठामपणे मोठं, पोहणाऱ्याचं घड्याळ मागितलं, आणि ते घेतल्याचा मला आजही अभिमान आहे. पण माझं मनगट बारीक आहे. शर्टाच्या बाहीखाली ओमेगा जात नाही. टायपिंग करताना मी ते काढून मेजावर ठेवते, आणि काढून ठेवलेलं घड्याळ हळूहळू कपाटात जातं. ट्यूडर हातात घातलं आणि संध्याकाळी लक्षात आलं की दिवसभरात ते एकदाही काढलं नव्हतं. पन्नाशीच्या दशकातल्या मूळ डायव्हिंग घड्याळांची मापं अशीच आटोपशीर होती. ट्यूडरचं १९५४ चं पहिलं ३७ मिलिमीटरचं होतं. समुद्राला मोठ्या घड्याळाची गरज कधीच नव्हती.

६. नावाचं ओझं घड्याळापेक्षा जड असतं, आणि ते उतरवायला वेळ लागतो. १९९५ साली ‘गोल्डनआय’ या बाँडपटात पिअर्स ब्रॉस्ननच्या हातात निळं सीमास्टर दिसलं, आणि माझ्या वयाच्या कितीतरी जणांच्या मनात ते तिथेच रुतून बसलं. वेशभूषाकार लिंडी हेमिंग यांनी नौदलातल्या माणसाला शोभेल म्हणून ते निवडलं होतं. मला ते अजूनही पटतं. ट्यूडरचं नाव मात्र घरात कुणी ऐकलेलं नव्हतं. मामांनी विचारलं, “म्हणजे रोलेक्सचं स्वस्तातलं का गं?” प्रश्न अगदी चुकीचा नव्हता. रोलेक्सच्या हान्स विल्सडॉर्फ यांच्यासाठीच १९२६ साली हे नाव नोंदवलं गेलं, आणि रोलेक्सच्या भरवशाचं पण कमी किमतीचं घड्याळ असावं हीच त्यांची इच्छा होती. आधीच्या काळात केस आणि चावी रोलेक्सची, आतलं यंत्र दुसऱ्याचं, अशी रचना असे. आज फिफ्टी-एटमधलं यंत्र ट्यूडरशी जोडलेल्या केनिसी या कंपनीचं आहे आणि त्याला स्वित्झर्लंडच्या क्रोनोमीटर संस्थेचं प्रमाणपत्र आहे. मामांना हे सगळं सांगितलं. सांगता सांगता जाणवलं की ओमेगा हे नाव समोरच्याला काहीच समजावून सांगावं लागत नाही, हे मला किती आवडत होतं. ती आवड खोटी नाही. पण पाण्याखाली तिला विचारणारं कुणी नसतं.

७. पैशाचा हिशेब लवकर संपला. नवं घेताना ओमेगा बरंच महाग. जुन्या बाजारात ते अंतर आकसतं. जोडीदारानं वर थोडी रक्कम देऊ केली, मी ती निम्मी केली. त्यापुढे आम्ही बोललो नाही.

८. सोडताना काय गमावणार, हे घेताना काय मिळणार यापेक्षा जास्त प्रामाणिकपणे लिहावं लागतं. ओमेगाच्या ब्रेसलेटची पकड बटण दाबून थोडी सैल-घट्ट होते. मुंबईच्या मे महिन्यात, दुपारी मनगट सुजल्यासारखं होतं तेव्हा त्या बटणाइतकं सुख नाही. ट्यूडरच्या माझ्याकडे येणाऱ्या ब्रेसलेटला ही सोय नाही; टोकदार काहीतरी घेऊन पिन पुढच्या भोकात सरकवत बसावं लागेल. सिरॅमिकचा निळा रंग उन्हानं, खाऱ्या पाण्यानं कधीच उडणार नाही. ॲल्युमिनियमचा काळा फिकट होत जाईल. पण याच मुद्द्यापाशी माझं मन उलट वळलं. फिकट होणारी बेझल मला हवी आहे. मी मालवणात, गोव्यात, नेत्राणीला ज्या उन्हात बसते त्याची नोंद त्या वस्तूवर उमटावी, असं वाटतं. कापडी पट्ट्यावर तर फिफ्टी-एट आणखी जमतं. वेटसूटच्या बाहीवरून सरळ आवळता येतं. आणि लाटांची ती तबकडी? तिची आठवण येणार. हे घड्याळ माझ्या स्वतःच्या कमाईतली पहिली मोठी वस्तू आहे. अनोळखी माणसाला ती मी दिली नसती, अगदी दुप्पट पैसे मिळाले असते तरी.

९. अदलाबदलीत दुसऱ्या माणसाचं आयुष्यही तपासावं लागतं, हे मला सगळ्यांत उशिरा सुचलं. मी इतके दिवस माझंच मनगट, माझंच पाणी बघत होते. एकदा त्याला विचारलं, “अरे, तुला माझं का हवंय?” तो म्हणाला, “जनरेटरशेजारी दिवसभर असतो गं. यापूर्वीचं घड्याळ दोनदा चुंबकानं बिघडलं.” ओमेगाच्या यंत्राची १५,००० गॉसच्या चुंबकीय क्षेत्रात परीक्षा झालेली असते, स्वित्झर्लंडच्या मेटास या सरकारी मापन संस्थेच्या निकषांनुसार. माझ्या स्वयंपाकघरातल्या इंडक्शनपलीकडे मला चुंबकाचं भय नाही. त्याचं तर सगळं कामच चुंबकांच्या शेजारी. आणि तारीख? “बोटीवर सगळे वार सारखे असतात. तारीख दिसली की घरी किती दिवसांनी जायचं ते मोजता येतं,” तो म्हणाला. माझ्याकडे ती खिडकी होती, आणि मी तारीख फोनवर बघत होते. त्याचं मनगट रुंद आहे. ४२ मिलिमीटर त्याच्यावर जागेवर बसतं.

त्या संध्याकाळी ठरलं. ऑक्टोबरात हंगाम सुरू होण्याआधी दोन्ही घड्याळांच्या रबरी कड्या बदलायच्या, प्रेशर टेस्ट करायची, आणि तिचा कागद सोबत द्यायचा. गॅरंटी कार्डं, डबे आणि ब्रेसलेटच्या काढून ठेवलेल्या कड्यासुद्धा, एकही न विसरता. दोघांपैकी कुणाला पुढे कधी घड्याळ विकावंसं वाटलं, तर आधी दुसऱ्याला विचारायचं. ही शेवटची अट त्यानं घातली, आणि मी ती आनंदानं मान्य केली.