कोंबड्यांची मानमोडी

गेल्या हंगामाच्या सणांत पांच गांवांच्या कोंबड्या लिलावासाठीं आमच्या मंडळीच्या अंगणांत एकत्र आल्या. त्यांतील एक तांबडी कोंबडी पिसें फुलवून, डोळे मिटून बसली होती. वाटेनें शिणली असेल असें समजून मींच तिला पाणी पाजलें, आणि त्याच भांड्यांतून इतरांसही. लिलाव झाला, ज्यानें त्यानें आपली कोंबडी घरीं नेली. पंधरा दिवसांच्या आंत पांचही गांवांहून एकच वर्तमान आलें. एका विधवा बहिणीच्या अकरा कोंबड्यांपैकीं सात मेल्या. तिच्या घरचें मीठमिरची व मुलीच्या वह्या त्या अंड्यांवर चालत. ह्या दोषांत माझा वांटा आहे, म्हणून हा धडा लिहीत आहें.

ह्या रोगास आपण मानमोडी म्हणतों. इ. स. १९२७-२८ च्या सुमारास कुमाऊंच्या डोंगरांतील राणीखेत येथें तो ओळखण्यांत आला, म्हणून दवाखान्यांत त्यास राणीखेत म्हणतात. हिरवट पातळ हगवण, घरघर, चोंच उघडून श्वास घेणें, पंख व पाय लुळे पडणें, आणि शेवटीं मान पिळणें हीं त्याचीं लक्षणें. परंतु मान पिळेपर्यंत वाट पाहणारा फसतो. बाधा झाल्यावर लक्षणें दिसण्यास बहुधा पांच-सहा दिवस, कधीं पंधराही लागतात. विष्ठा, नाकातोंडाचें पाणी, डालगें, आपल्या वहाणा, ह्या सर्वांनीं रोग फिरतो. कारण विषाणु असल्यामुळें दुकानांतील कोणतीही भुकटी त्यास बरा करीत नाहीं. लस टोचली नसेल तर कधीं कधीं सगळा कळप जातो.

लस मात्र खरोखर उपयोगी आहे. पिल्लूं पांच ते सात दिवसांचें असतां लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यांत किंवा नाकांत, चौथ्या आठवड्यांत पुन्हां, आणि सहा ते आठ आठवड्यांनीं आर टू बी ही टोचावयाची लस. पुढील फेरी केव्हां तें जनावरांच्या दवाखान्यांत विचारावें. कुपी बर्फांत आणावी व मिसळल्यावर दोन तासांत संपवावी. उन्हांत पिशवींत राहिलेली लस म्हणजे पाणीच. ती निरोगी पक्ष्यांसच द्यावी. एका कुपींत शंभर किंवा अधिक मात्रा असतात. एकटें घर ती आणीत नाहीं, ही आपली खरी अडचण होय. तेव्हां आळीनें मिळून आणावी, आणि कोंबड्या खुराड्यांत शिरल्यावर संध्याकाळीं घरोघर जावें.

नवी कोंबडी तीन आठवडे वेगळी ठेवावी; मग ती पाहुण्यांनीं दिलेली असो कीं पाळकानें!

रोग शिरलाच तर कठीण प्रसंग येतो. त्या बहिणीच्या चार कोंबड्या अजून उभ्या होत्या तेव्हां व्यापारी दारीं आला. तिनें दिल्या नाहींत, आणि त्याही मेल्या. दुसऱ्या एकानें आठवड्याच्या बाजारीं विकल्या. त्याला दोष देणें सोपें आहे, पण त्याच्याही घरीं पीठ नव्हतें. रोगाचा पक्षी विकूं नये, हें सांगणाऱ्यानें त्या नुकसानीस हातभार लावावा. आमच्या पंचांनीं मंडळीच्या थैलींतून तिला लस टोचलेल्या सहा तलंगा घेऊन देण्याचें ठरविलें आहे. तोंपर्यंत तिचें खुराडें खरवडून, चुना लावून महिनाभर रिकामें आहे.

मेलेली कोंबडी ओढ्यांत टाकूं नये, सोलूं नये, खाऊं नये. कुत्रें उकरणार नाहीं इतका खोल खड्डा करून चुना घालून पुरावी. फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें कोंबड्या मरूं लागल्या, तेव्हां कित्येकांस ती मानमोडीच वाटली. तो बर्ड फ्लू निघाला, आणि तो माणसांसही मारूं शकतो. डोळ्यांनीं हा भेद कळत नाहीं. एकाएकीं पुष्कळ पक्षी मेले तर त्याच दिवशीं दवाखान्यांत कळवावें.

यंदाच्या सणास जिवंत कोंबडी कोणीं आणूं नये. ती घरींच राहूं द्यावी व तिची किंमत आणावी.